पुकारा

आबा लातुरात एका वकिलांकडे मुन्शी होते. ते मोगलाईतलं, म्हणजे निजामाच्या राज्यातलं लातूर. जिल्हा उस्मानाबाद, कोर्टाची भाषा उर्दू. मराठी चार बुकं शिकलेला कुणबीही कोर्टाच्या पायरीवर आला की अडाणी ठरायचा. आपल्याच जमिनीच्या दाव्यात आपलं म्हणणं काय लिहिलंय, हे त्याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागे. आबा ते वाचून दाखवत. त्यांचं बोट उजवीकडून डावीकडे सरके. म्हातारपणी मराठी वर्तमानपत्र वाचतानाही ते बोट कधी कधी चुकून ओळीच्या उजव्या टोकाला जाऊन थांबायचं.

संध्याकाळी अंगणात बाज टाकली की आम्ही नातवंडं त्यांच्याभोवती जमायचो आणि म्हणायचो, "आबा, पुकारा करा." मग ते उठून उंबऱ्यात उभे राहत, गळा साफ करत आणि कोर्टाच्या चपराशासारखं आमच्यातल्या एकाचं नाव तीनदा पुकारत. शेवटी "हाजिर हो!" दोन पुकाऱ्यांच्या मध्ये ते थोडे थांबत. ते थांबणं मला फार आवडायचं. ज्याचं नाव घेतलंय त्याला मांडी मोडून उठायला, धोतर सावरायला, दारापर्यंत यायला तेवढा वेळ लागतो, असं ते सांगत. "आन् एक ध्यानात ठेव. पुकाऱ्यात कुणाला राव न्हाई का साहेब न्हाई. देशमुखाचं नाव तसंच, वेठबिगाऱ्याचं नाव तसंच."

निजामाच्या राज्यात न्याय नव्हताच, असं आबा कधी म्हणाले नाहीत. उलट ते अभिमानाने सांगत की हैदराबाद संस्थानाने १९२१ साली न्यायखातं कारभारापासून वेगळं केलं. इंग्रजांच्या मुलखात तेव्हा तालुक्याचा अंमलदारच फौजदारी न्यायही करीत होता. आपल्याच भागातले, वसमतजवळच्या पुरजळचे केशवराव कोरटकर हैदराबादच्या हायकोर्टात न्यायमूर्ती झाले होते. त्यांचं नाव घेताना आबा कानाच्या पाळीला हात लावत. मुन्सफांची कोर्टं होती, अपील होतं, निवाडे होते. पण या सगळ्याच्या वर फर्मान होतं. कायदा म्हणजे निजामाची मर्जी थंड डोक्याने लिहून काढलेली; ती मर्जी बदलली की कायदा बदलायचा. १९२९ मध्ये 'गश्ती निशान ५३' निघाली. म्हणजे सरकारी परिपत्रक. परवानगीशिवाय जाहीर सभा घ्यायची नाही. काय बोलणार, कोण बोलणार, हे आधी कळवायचं. १९३८ साली लातूरला महाराष्ट्र परिषदेचं अधिवेशन भरलं तेव्हा आबा ऐन पंचविशीतले. मांडवात बसलेल्या माणसांना आपण काही गुन्हा करतोय की काय अशी धाकधूक वाटत होती, आणि तरी कुणी उठून गेलं नाही, हे ते दरवेळी त्याच शब्दांत सांगायचे. लोकांनी एकत्र बसून आपल्या कारभाराविषयी बोलायचं, हे काम त्यांच्या पिढीला चोरून शिकावं लागलं.

याच लातूरच्या कोर्टात कासिम रझवी वकिली करीत होता.

बाहेरच्या लोकांना याचं नवल वाटतं. आबांना वाटत नसे. रझाकारांचा, म्हणजे निजामाची बाजू घेणाऱ्या हत्यारबंद टोळ्यांचा म्होरक्या कुठल्या डोंगरातून उतरला नव्हता. अलीगढला कायदा शिकलेला, काळा कोट घालणारा, आमच्याच आवारात पेशीला उभा राहणारा माणूस होता तो. आबा म्हणायचे, "कायदा ज्याला पाठ हाय तोच कायद्याचा सगळ्यात मोठा वैरी होऊ शकतो. त्याला ठाव असतंय ना, भिंत कुठं पोकळ हाय ते." १९४७ सालच्या पावसाळ्यानंतर जे सुरू झालं ते मराठवाड्याच्या घराघरात माहीत आहे. गावं जळाली, माणसं मारली गेली, बाया-पोरं घेऊन लोक सरहद्दीपलीकडे खालशात पळाले. आमची मोठी आई, म्हणजे आजी, मिरजेकडे जाणाऱ्या छोट्या रुळाच्या गाडीने बार्शीला गेली. कडेवर माझे वडील, कमरेला पिशवीत चार दागिने.

त्या दिवसांत वकिलांनी एक गोष्ट केली. ती फार कमी सांगितली जाते. हैदराबादेत बॅरिस्टर विनायकराव कोरटकर यांच्या पुढाकाराने वकिलांनी कोर्टांवर बहिष्कार टाकला. केशवरावांचेच हे चिरंजीव. बाप त्या राज्याच्या न्यायासनावर बसलेला, आणि मुलगा म्हणतो की रस्त्यावर रझाकार मोकाट फिरत असताना आत बसून न्यायाचं सोंग आम्ही करणार नाही. आबांच्या वकिलांनीही बस्ते बांधून ठेवले. घरात पगार बंद झाला. आबांनी त्याबद्दल कधी कुरकूर केली नाही. त्या बहिष्काराला ते आपल्या आयुष्यातली एकमेव स्वच्छ गोष्ट म्हणत. एकमेव का, हे मला पुढे कळलं.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारताच्या फौजा शिरल्या, १७ तारखेला निजाम शरण आला. आम्ही शाळेत इथवरच शिकलो. दर १७ सप्टेंबरला झेंडा, गोळ्या-बिस्किटं, आणि घरी सुट्टी. पुढचे वीस दिवस मला मोठ्या आईने सांगितले, तेही मी नोकरीला लागल्यावर.

ती बार्शीहून फौजेमागोमाग परतली. घर लुटलेलं होतं. तांब्याचा हंडा, पितळी भांडी, आबांची सायकल, सगळं गेलेलं. आणि लातुरात आता उलटा वणवा पेटला होता. रझाकारांचे पुढारी पळाले किंवा धरले गेले; मागे राहिले ते साधे मुसलमान, मणेर, पिंजारी, विणकर, टांगेवाले. मारणारे त्यांच्यावर तुटून पडले. पुढे पंडित सुंदरलाल यांच्या समितीने सरकारच्या सांगण्यावरून संस्थानभर फिरून अहवाल दिला. तो कित्येक दशकं प्रसिद्ध झाला नाही. त्यात बळींचा अंदाज २७ हजार ते ४० हजार असा दिला आहे, आणि सर्वांत जास्त होरपळलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड आहेत. लातूरविषयी लिहिलंय की तिथे वीसहून जास्त दिवस कत्तल चालली. मी तो उतारा वाचला तेव्हा मोठी आई जाऊन वर्षं झाली होती. तिने दिवस मोजले नव्हते, पण तिचा आकडा चुकला नव्हता.

आमच्या गल्लीत एक मणेरीण होती. मोठ्या आईच्या लग्नाचा चुडा तिनेच भरलेला. ती दोन लेकींना घेऊन रात्री मागच्या दाराने आली. आबा म्हणाले, नको. मोठी आई त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. माळवदाच्या त्या घरात भिंतीत बांधलेलं बळद होतं, ज्वारी ठेवायचं. रझाकारांच्या वर्षात पेरा झाला नव्हता, म्हणून बळद रिकामं. तिघींना तिने त्यात उतरवलं. आठ दिवस वरून भाकरी आणि पाण्याचा तांब्या. धाकट्या पोरीला खोकला होता. गल्लीत पावलं वाजली की मोठी आई जात्यावर बसायची. दळायला दाणे नसत तेव्हा तिने रिकामं जातं फिरवलं. "दगडावर दगड लई वंगाळ वाजतंय," ती म्हणाली, "पर खोकला ऐकू येत न्हाई."

ज्या बाईचा संसार रझाकारांनी लुटला तिने हे केलं. तिला घटना ठाऊक नव्हती. ती तेव्हा लिहून पुरी व्हायची होती. मला मात्र वाटतं की घटनेचं पहिलं कलम आमच्या घरात त्या रिकाम्या जात्यावर लिहिलं गेलं.

खुद्द घटना आमच्याकडे वेगळ्याच वाटेने आली. घटना समितीत हैदराबादच्या वाट्याच्या जागा रिकाम्या राहिल्या होत्या. नांदेडचा, लातूरचा, बीडचा कुणीही माणूस तिथे बसून एका कलमावर बोलला नाही. नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामानेच फर्मान काढून ती घटना हैदराबादला लागू केली, आणि २६ जानेवारी १९५० ला तोच राजप्रमुख झाला. "आम्ही भारताचे लोक" हे शब्द आमच्या लोकांना असे एका फर्मानातून मिळाले. फर्मानाने आलेलं फर्मानाने जाऊ शकतं. १९५२ च्या सुरुवातीला मतदान झालं, रांगा लागल्या, हे खरं. पण ती घटना आपली आहे की नाही याचा कस आमच्यापुरता लागला तो १९५३ च्या जानेवारीत, दिल्लीत, आणि तोही कासिम रझवीच्या खटल्यात.

हैदराबादजवळच्या बीबीनगरमधल्या दरोड्याबद्दल रझवीवर खटला चालला. लष्करी गव्हर्नर जनरल चौधरी यांच्या राजवटीत नेमलेल्या खास न्यायाधिकरणापुढे. त्याची कार्यपद्धती नेहमीच्या सेशन कोर्टापेक्षा आखूड होती. खटला सेशनला जाण्याआधी होणारी चौकशी तिच्यात वगळलेली होती. खटला सुरू झाला तेव्हा घटना नव्हती. संपला तेव्हा होती. त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. मग हा माणूस सर्वोच्च न्यायालयात गेला आणि म्हणाला की कलम १४ प्रमाणे कायद्यापुढे सगळे समान आहेत, तर २६ जानेवारीनंतर मला वेगळ्या मापाने का मोजलं?

आबांनी ही बातमी मोंढ्यात ऐकली. अडतीवर बसलेले लोक खवळले होते. ह्यानं समान म्हणायचं? ह्यानं? आबा सांगत की त्यांच्याही तोंडात थुंकी आली होती. आणि त्याच क्षणी कानात पुकारा वाजला. राव नाही, साहेब नाही. आता हैवानही नाही. नुसतं नाव.

पाच न्यायमूर्तींनी ते ऐकलं. तिघांनी ठरवलं की खटला जवळपास रीतसरच चालला आहे, त्याला न्याय्य सुनावणी मिळाली आहे, अर्ज फेटाळला. दोघांना ते पटलं नाही. एक गुलाम हसन, दुसरे विव्हियन बोस, जे त्याआधी नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. त्यांच्या मते घटना लागू झाल्यावर वेगळी पद्धत चालवणं कुणाच्याही बाबतीत चालणार नव्हतं, कासिम रझवीच्याही. पुढे एका वकील मित्राने मला तो निकाल वाचायला दिला. दोन रात्री मी तो वाचत होतो. वाचता वाचता एकच गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवत होती: जखम ओली होती, पाचच वर्षं झाली होती, आणि तरी पाचांतल्या दोघांनी त्या माणसाच्या बाजूचा कायदा त्याच्या कर्मापासून सोडवून पाहिला. न्यायाधीशाचं काम याहून अवघड कुठे असेल, मला माहीत नाही. मला तर त्या तिघांइतकाच त्या दोघांचाही अभिमान आहे, आणि आबांना दोघांचा थोडा जास्तच होता.

भारताच्या बाजूने लिहिणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत खून झाला. त्या खटल्यातून रझवी हायकोर्टात पुराव्याअभावी सुटला. वरंगळचा सुभेदार हबीब महंमद याला गाव जाळल्याच्या खटल्यात फाशी सुनावली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये ती शिक्षा रद्द केली, कारण प्रसंगी हजर असलेल्या महत्त्वाच्या साक्षीदाराला सरकारने पिंजऱ्यात आणलंच नव्हतं. आबा या निकालापाशी यायचे तेव्हा गप्प होत. आम्हाला वाटे, थकले असतील.

नांदेडच्या मामांना आबांचं हे रझवीपुराण फारसं रुचत नसे. मामा पीपल्स कॉलेजात शिकलेले. स्वामी रामानंद तीर्थांनी उभ्या केलेल्या संस्थेचं हे कॉलेज १९५० साली सुरू झालं. पुढे नरहर कुरुंदकर तिथे प्राचार्य होते. कुरुंदकरांची भाषणं ऐकून मामा घरी यायचे ते रात्री बारापर्यंत वाद घालायच्या तयारीनेच. त्यांचं म्हणणं असं, की कोर्टाकडे पाहत बसलेल्या लोकांकडून राज्य टिकत नाही, राज्य लोकांच्या वागण्यावर टिकतं. आणि मग ते उमरीची गोष्ट काढत.

३० जानेवारी १९४८. नांदेड जिल्ह्यातल्या उमरीत स्वातंत्र्यसैनिकांनी निजामाच्या स्टेट बँकेवर धाड घातली. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींना गोळ्या घातल्या गेल्या. ती बातमी या पोरांना पैशाची पोती सरहद्दीपार नेल्यावर कळली. रक्कम २० लाखांच्या आसपास. त्या काळचे २० लाख. मामांना धाडीचं कौतुक होतंच, पण त्यांचा आवाज चढायचा तो पुढच्या भागात. त्या रकमेचा हिशोब ठेवला गेला आणि पुढे स्वामीजींनी तो सरकारला दिला. जंगलातल्या छावणीत, उद्या जिवंत राहू की नाही याची खात्री नसताना, कुणीतरी कंदिलाच्या उजेडात खर्च लिहीत होतं. "कोण विचारणार होतं त्यांना?" मामा विचारत. "राज्यच नव्हतं कोणतं! पण येणार होतं. येणाऱ्या राज्याला हिशोब द्यायचा म्हणून लिहीत होते." आबा यावर एवढंच म्हणत, "म्हणजे तुझं आणि माझं एकच झालं की. तू वही म्हणतूस, मी कोर्ट म्हणतो." दोघे बराच वेळ सुपारी कातरत बसत.

१९७६ च्या एप्रिलात दोघांचाही आवाज गेला. आणीबाणी होती. स्थानबद्ध माणसाला आपली अटक बेकायदा आहे हे कोर्टाला सांगण्याचा हक्क उरलेला नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ठरवलं. देशातल्या अनेक उच्च न्यायालयांनी त्याआधी दार उघडं ठेवलं होतं. ते वरून लावलं गेलं. विरोधात एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना. बाजूने गेलेल्यांत आपले यशवंतराव चंद्रचूड होते, ही सल मामांना मरेपर्यंत होती. (२०१७ साली सर्वोच्च न्यायालयानेच तो निकाल चुकीचा ठरवला, आणि ते निकालपत्र लिहिणाऱ्यांत चंद्रचूडांचे चिरंजीव होते. मामा तोवर नव्हते.) १९७६ सालीच ४२ व्या दुरुस्तीने घटनेत नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांची यादी घातली गेली. मी तेव्हा शाळेत. यादी पाठ करत होतो. आबांनी विचारलं, "काय वाचूलालास रे?" मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, यात एक नाही. मी म्हटलं, कोणतं? त्यांनी उत्तर दिलं नाही, उठून आत गेले.

ते उत्तर मला मोठ्या आईकडून मिळालं, बळदाच्या गोष्टीसोबतच. मणेरीण मागच्या दाराने आली त्याच्या आदल्या रात्री पुढचं दार वाजलं होतं. दोन घरं सोडून राहणारा एक पिंजारी. आबांचा पक्षकारही होता तो. त्याच्या एका दाव्यात वकीलपत्र आबांनीच लिहिलं होतं. त्याने आबांना नावाने हाक मारली. तीनदा. आबांनी कडी काढली नाही. त्यांना मागून धावत येणाऱ्यांचे आवाज ऐकू येत होते, आणि ते आवाजही ओळखीचे होते. त्यांतल्या दोघांचे कागद आबांच्याच बस्त्यात होते. नंतर चौकशा झाल्या, कुणी कुणी पकडलेही गेले. आमच्या गल्लीतल्या त्या रात्रीबद्दल कुणी विचारायला आलं नाही. आबांना समन्स निघालं नाही. तेही आपण होऊन गेले नाहीत.

न्यायाधीश समोर आणलेलंच पाहू शकतो. विव्हियन बोसांनी कागदातली प्रत्येक फट पाहिली, पण आमच्या गल्लीचा कागदच नव्हता, कारण तो लिहू शकणारा माणूस कडी लावून आत बसला होता. मी आबांना कमी लेखण्यासाठी हे सांगत नाही. बाहेर कुऱ्हाडी होत्या, आत बायको-मूल होतं. दुसऱ्या रात्री त्याच घरात जातं फिरलं, हेही तितकंच खरं आहे.

१९५७ च्या सप्टेंबरात रझवी सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला. मोंढ्यात पुन्हा तेच: सोडलाच कसा? आबा म्हणाले, "सजा पुरी झाली. पुरी झाल्यावर बी ठेवला, तर मग मोगलाई काय वाईट होती?" यावर एकाने त्यांची गचांडी धरली होती, असं वडील सांगतात.

२७ ऑगस्ट १९८१ ला औरंगाबादला उच्च न्यायालयाचं खंडपीठ बसलं. त्याआधी आमच्या भागातला माणूस अपिलासाठी सुरुवातीच्या काळात हैदराबाद आणि नंतरच्या काळात कुर्डुवाडीवरून गाडी बदलत मुंबई गाठायचा. अर्धे लोक भाड्यालाच भिऊन अन्याय गिळायचे. आबांनी त्या दिवशी पेढे वाटायला लावले. तोवर त्यांची नजर गेली होती.

मला स्वतःला एकदाच साक्षीला जावं लागलं. गल्लीच्या तोंडाशी एका मजुराला गाडीने उडवलं, गाडीवाला वजनदार, पाहणारा मी. पाच तारखा पडल्या. शेजारचे म्हणाले, कशाला पडता यात. सहाव्या तारखेला चपराशाने माझं नाव घेतलं, पुढे सर नाही, गुरुजी नाही, आणि मला मांडी मोडून उठायला जेवढा वेळ लागतो तेवढा तो थांबला.

शेवटच्या दोन-तीन वर्षांत आबा दिवेलागणीला चाचपडत उंबऱ्यापर्यंत जात. पुढच्या दाराची कडी स्वतः काढत. मग गळा साफ करून एक नाव पुकारत. आम्हा नातवंडांपैकी कुणाचं ते नव्हतं. आम्हाला वाटायचं, कोर्टातली कुठलीतरी जुनी पेशी त्यांना आठवतेय. तीनदा पुकारत, प्रत्येक पुकाऱ्यानंतर थांबत, आणि तिसऱ्यानंतर बराच वेळ दार उघडंच ठेवत.